ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड आणि प्रोसेसर कसा निवडावा: गोव्यातल्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

नवा डेस्कटॉप जुळवायला निघालेल्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणारे बहुतेक जण पणजी, म्हापसा, मडगाव किंवा फोंड्याच्या दुकानात चौकशी करून आलेले असतात, हातात एखादं कोटेशन असतं आणि डोक्यात अर्धवट माहिती. म्हणून उत्तरं देताना इथली हवा आणि इथली वीजही धरली आहे.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये नेमकं काय वाढवतात?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. प्रोसेसरचा वेग हा दोन आकड्यांचा गुणाकार. एक बेस क्लॉक, तो साधारण १०० मेगाहर्ट्झ असतो. दुसरा मल्टिप्लायर. १०० गुणिले ५० म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर ५२ केला की ५.२. वाढवलेला वेग टिकवायला बहुधा व्होल्टेजही चढवावं लागतं, आणि खरी किंमत तिथे मोजावी लागते, कारण विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा व्होल्टेज १.२० वरून १.३२ केलं, म्हणजे १० टक्के वाढवलं, आणि वेग ५ टक्के वाढवला. खप जवळपास २७ टक्क्यांनी चढतो. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. बोर्ड, कूलर, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) हे सगळं निवडताना हा हिशेब डोक्यात ठेवा.

बेस क्लॉकला हात न लावलेलाच बरा. त्याच्यासोबत बोर्डावरच्या इतर गोष्टींची घडीही हलू शकते.

इंटेलचा कुठला प्रोसेसर घ्यावा लागतो?

नावाच्या शेवटी ‘के’ हवा: आय५-१२६००के, आय५-१४६००के, कोअर अल्ट्रा ७ २६५के. ‘केएफ’ आणि ‘केएस’ही चालतात. नुसता ‘एफ’ मात्र चालत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, एवढंच. आय५-१४४००एफ गेमिंगला छान आहे, पण त्याचा मल्टिप्लायर कुलूपबंद. ‘के’ची ही पद्धत २०११ च्या सँडी ब्रिजपासून पक्की झाली आहे. मधल्या काळात काही विशिष्ट बोर्डांवर बेस क्लॉकच्या आडवाटेने बिनकेचे प्रोसेसर पळवले गेले, पण अशा वाटेवर भरवसा ठेवून खरेदी करू नये.

प्रोसेसर ‘के’ असला तरी बोर्डाचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप, बोर्डाचं नाव तिच्यावरूनच असतं) ‘झेड’ मालिकेतलाच लागतो. १२, १३ आणि १४ व्या पिढीसाठी झेड६९० किंवा झेड७९०, कोअर अल्ट्रा २०० साठी झेड८९०. बी७६० आणि बी८६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. एच६१० आणि एच८१० वर दोन्ही नाही.

दुकानदार म्हणतो, बी७६० वर १४६००के आरामात चालतो. फसवतो का?

नाही, चालतोच. कारखान्यातून ठरलेला बूस्ट, म्हणजे कामाच्या वेळी आपोआप वाढणारा वेग, मिळतो, बऱ्याच बोर्डांवर विजेची मर्यादाही वाढवता येते. मिळत नाही तो फक्त मल्टिप्लायर. ‘चालतो’ आणि ‘ओव्हरक्लॉक होतो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुम्ही पहिला विचारलात तर उत्तरही पहिल्याचंच मिळणार. काउंटरवर थेट विचारा: या बोर्डावर सीपीयूचा रेशो, म्हणजे मल्टिप्लायर, बदलता येतो का?

एएमडीत सगळेच प्रोसेसर खुले असतात म्हणतात. खरं का?

बहुतांशी खरं. डेस्कटॉपचे जवळपास सगळे रायझन खुले असतात, त्यामुळे अडवणूक झालीच तर ती बोर्डाकडून. जुन्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) बी३५०, बी४५०, बी५५०, एक्स३७०, एक्स४७०, एक्स५७० हे ओव्हरक्लॉकिंगचे; ए३२० आणि ए५२० नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरात आलेल्या एएम५ वर बी६५०, बी८५० आणि एक्स मालिका चालते. ए६२० आणि बी८४० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, रॅम होते. बी८४० आणि बी८५० ही नावं इतकी सारखी आहेत की कोटेशनमध्ये एक आकडा चुकला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. खोक्यावरचं नाव स्वतः वाचा.

मधल्या बजेटात एएमडीकडे माझा कल आहे तो याचमुळे. इंटेलमध्ये खुला प्रोसेसर आणि ‘झेड’ बोर्ड असे दोन्हीकडे जास्तीचे पैसे जातात. इथे मधल्या दर्जाच्या बी६५० वर साधा रायझन ५ ७६०० बसवला तरी सगळ्या सेटिंग्ज हाती येतात.

एक्स३डी प्रोसेसरचं काय?

रायझनच्या या प्रकारात कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीचा, जास्तीचा थर असतो आणि तो व्होल्टेजला नाजूक. ५८००एक्स३डी कुलूपबंद होता. ७८००एक्स३डी मध्ये मल्टिप्लायर वाढवता येत नाही, पण पीबीओ (बूस्टच्या मर्यादा सैल करणारी सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज थोडं उतरवणारी सेटिंग) वापरता येतात. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ९८००एक्स३डी मध्ये थराची जागा बदलली, कॅश खाली गेली, त्यामुळे उष्णता सहज बाहेर पडू लागली आणि मल्टिप्लायरही खुला झाला.

एएम५ वर जुनं बायोस (बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) असलेला बोर्ड घेत असाल तर आधी अपडेट. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही ७०००-मालिकेचे एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, आणि त्यानंतर नव्या बायोसमध्ये एसओसी (प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर वगैरेंचा भाग) व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली.

सॉकेट जुळलं की झालं ना?

झालं नाही. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीच्या एलजीए१७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ रॅमचेही येतात आणि डीडीआर५ चेही, एकात दुसरी रॅम बसत नाही. एएम५ आणि कोअर अल्ट्रा २०० च्या एलजीए१८५१ वर फक्त डीडीआर५. शिवाय बोर्ड तुमच्या प्रोसेसरपेक्षा आधीचा असेल तर त्यातलं बायोस नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. बी६५० वर ९०००-मालिकेचा रायझन लावताना हे नेहमी घडतं. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या. त्यात प्रोसेसर न लावता, पेन ड्राइव्हवरून अपडेट करता येतं.

बोर्डाच्या खोक्यावर १२+२, १६+१ असं लिहिलेलं असतं. जास्त आकडा म्हणजे चांगला बोर्ड?

ओव्हरक्लॉकिंगसाठी बोर्ड निवडताना सर्वात जास्त वेळ या एका गोष्टीला द्या, म्हणून उत्तर जरा लांब.

एसएमपीएसकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला हवे असतात सव्वाच्या आसपास. हे रूपांतर करणारा भाग म्हणजे व्हीआरएम, सॉकेटच्या डाव्या-वरच्या बाजूला हीटसिंकखाली दडलेला. २०० वॉट खाणारा प्रोसेसर १.२५ व्होल्टवर चालत असेल तर त्याच्याकडे १६० अँपिअर प्रवाह जातो. ही कामगिरी अनेक फेजमध्ये वाटली जाते, आणि खोक्यावरचे आकडे त्या फेजचे. पहिला आकडा प्रोसेसरच्या कोअरसाठी, पुढचे ग्राफिक्स, एसओसी वगैरेंसाठी.

आकडा एकटा बघून कळत नाही. काही कंपन्या एकाच फेजला दोन जोड्या लावून संख्या दुप्पट दाखवतात. एक पॉवर स्टेज ५० अँपिअरचा आहे की ९० चा, हेही बघावं लागतं. चांगल्या ९० अँपिअरच्या दहा फेज, सामान्य भागांच्या सोळा फेजपेक्षा थंड राहू शकतात. त्यातून रूपांतर शंभर टक्के होत नाही. ९० टक्के कार्यक्षमता धरली तर २०० वॉट पोचवताना सुमारे २२ वॉट व्हीआरएममध्येच उष्णता होऊन बसतात, आणि ते बाहेर काढायला हीटसिंक लागतो. जाड, खाचा असलेला, बोर्डाला स्क्रूने बसवलेला. वरून नुसतं प्लास्टिकचं चमकदार झाकण असेल तर तो सजावटीचा भाग समजा. स्वस्त बोर्डांवर अर्ध्या व्हीआरएमला हीटसिंकच नसतो. असा बोर्ड खुल्या चिपसेटचा असला तरी ओव्हरक्लॉकिंगला घेऊ नये.

प्रोसेसरच्या विजेसाठी वर ८ पिनांचं एक सॉकेट असतं, महाग बोर्डांवर दोन. आय५ किंवा रायझन ५, ७ साठी एक पुरतं. आय९ किंवा रायझन ९ ताणायचा असेल तर दोनवाला बघा, आणि एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी येतात का तेही.

आणखी एक गोष्ट, जी वॉटर कूलर घेणारे विसरतात: साध्या हवेच्या कूलरचा पंखा जाता जाता व्हीआरएमवरही वारा टाकतो. एआयओ, म्हणजे तयार वॉटर कूलर, लावला की तो वारा बंद. प्रोसेसर थंड आणि व्हीआरएम तापलेला, ही अवस्था मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत सहज येते. कॅबिनेटच्या मागे आणि वर पंखा हवाच.

गोव्याच्या हवेत ओव्हरक्लॉकिंग जमतं का?

जमतं, फक्त परदेशातल्या चाचण्यांचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक भाराला तो खोलीपेक्षा ठरावीक अंश वर ठेवतो. चाचणी २२ अंशांच्या खोलीत झाली आणि प्रोसेसर ८० वर थांबला, तर तुमच्या ३२ अंशांच्या खोलीत तो ९० च्या घरात असणार. इंटेलचे ‘के’ प्रोसेसर साधारण १०० अंशांना आणि रायझन ७००० मालिका ९५ ला स्वतःचा वेग उतरवतात. म्हणजे तुम्ही बायोसमध्ये ५.६ लिहा, दुपारी तीन वाजता प्रत्यक्षात काय मिळेल ते खोली ठरवणार.

दमटपणाची भीती मात्र लोकांना चुकीच्या जागी वाटते. चालू पीसीत दव साचत नाही, तो आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असतो. धोका एसीच्या खोलीत बंद पडलेल्या पीसीला. रात्रभर २२ अंशांत गारठलेला कॅबिनेट आणि सकाळी कुणी खिडकी उघडून जुलैची हवा आत घेतली, की थंड धातूवर ओलावा धरतो, अगदी फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा. अशा वेळी अर्धा तास थांबून मगच चालू करा. खोलीच्या तापमानाखाली नेणारे चिलर, पेल्टियर असले प्रयोग इथे पावसाळ्यात करूच नयेत, सॉकेटभोवती पाणी सुटतं.

कळंगुट, मिरामार, कोलवा अशा किनाऱ्यालगत राहत असाल तर खारा वारा हा वेगळा शत्रू. रॅमचे स्लॉट, यूएसबीचे पत्रे, रेडिएटरच्या पाकळ्या यांवर आधी पांढरट, मग हिरवट थर येतो. महिनोनमहिने बंद ठेवलेला पीसी जास्त लवकर खराब होतो, त्यामुळे गावी किंवा बोटीवर जाणाऱ्यांनी घरच्यांना आठवड्यातून तासभर चालू करायला सांगावं. डिचोली, सांगेकडे खाऱ्याऐवजी तांबडी धूळ. तिथे जाळीचे फिल्टर काढून धुता येतील असा कॅबिनेट घ्या.

पावसात लाइट सारखी जाते. काय काळजी घ्यावी?

पहिली गोष्ट, यूपीएसशिवाय बायोस अपडेट नको. अर्ध्यावर लाइट गेली तर बोर्ड उठत नाही. फ्लॅशबॅकचं बटण असेल तर बहुतेक वेळा वाचतो, आणि ते बटण मागण्याचं इथे हे दुसरं कारण.

दुसरी गोष्ट, घराघरांत दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. ओव्हरक्लॉक केलेला १४६००के आणि जोडीला २०० वॉटचं ग्राफिक्स कार्ड, वर मॉनिटर. गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएस शिटी मारून लगेच बसतो. एक हजार व्हीएच्या पुढचा बघा. चांगल्या एसएमपीएसना शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस जास्त मानवतो.

अर्थिंग तपासून घ्या. चिऱ्याच्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसरी वायर कुठेच गेलेली नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर तेच कारण. इलेक्ट्रिशियनला बोलवा, ओव्हरक्लॉकिंग नंतर.

रॅम घेताना काय बघावं?

रॅमचा जाहीर केलेला वेग आपोआप लागत नाही. इंटेलवर एक्सएमपी आणि एएमडीवर एक्स्पो ही प्रोफाइल बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. ६००० ची रॅम घेऊन वर्षभर ४८०० वर चालवणारे कितीतरी आहेत, आणि कुणी सांगेपर्यंत त्यांना पत्ता नसतो. एएम५ साठी ६००० च्या दोन पट्ट्या, सीएल३० (सीएल म्हणजे प्रतिसादाचा उशीर, आकडा कमी तेवढा बरा) मिळाल्या तर उत्तम. चार पट्ट्या घेऊ नका. रायझन ७००० वर चार पट्ट्यांचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो.

पहिल्यांदा चालू करताना एएम५ वर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. रॅमचं ट्रेनिंग चाललेलं असतं. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

इंटेलच्या १३ व्या, १४ व्या पिढीबद्दल वाईट ऐकलं. घ्यावी का?

ऐकलं ते खरं होतं. काही प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत गेलं आणि ते हळूहळू झिजून क्रॅश होऊ लागले. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, तो बायोस अपडेटमधून येतो) दिला, आणि खोक्यातल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. नवा प्रोसेसर घेऊन आधी बायोस अपडेट केलं तर हरकत नाही. झिजलेला प्रोसेसर मात्र अपडेटने बरा होत नाही, म्हणून या दोन पिढ्यांचा वापरलेला ‘के’ स्वस्तात मिळाला तरी मी घेणार नाही. १२ व्या पिढीला ही अडचण नाही. १२६००के सेकंडहँडमध्ये चांगला सौदा ठरतो.

सेकंडहँड बोर्ड तपासताना काय बघू?

इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, एक जरी पिन वाकडी असली तर चमक तुटते. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला. मग व्हीआरएमभोवती तपकिरी डाग, पोर्टांवर गंज. किनाऱ्याजवळून आलेला बोर्ड मागच्या यूएसबींवरूनच ओळखू येतो.

ओव्हरक्लॉक केल्यावर वॉरंटी जाते का?

कागदावर, हो. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी दोघांच्याही नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही, आणि एक्सएमपी, एक्स्पोही त्याच व्याख्येत येतात. अपवाद म्हणजे कोअर अल्ट्रा २०० के मालिकेसाठी झेड८९० वर इंटेलने २०२५ मध्ये दिलेलं २००एस बूस्ट प्रोफाइल. ते वॉरंटी राखून वापरता येतं.

ट्रे प्रोसेसर, म्हणजे खोक्याशिवाय मिळणारा, स्वस्त पडतो, पण त्याची जबाबदारी कंपनी थेट घेत नाही, विकणाऱ्यावरच राहते.

दुबईहून मामा येणार आहे, तिथून मागवू?

प्रोसेसर मागवायला हरकत नाही, लहान असतो, क्वचित बिघडतो. बोर्ड इथूनच घ्या. बिघडतो तो बोर्ड, आणि बोर्डाची वॉरंटी बहुधा ज्या देशात घेतला तिथलीच. मामाची पुढची सुट्टी कधी, यावर तुमचा पीसी अवलंबून राहायला नको.

ब्रँडेड पीसी किंवा लॅपटॉपवर जमेल?

बहुतेक नाही. बायोसमध्ये पर्यायच नसतात.

मग एवढं करून फायदा किती?

१९९८ च्या सेलेरॉन ३००ए मध्ये बस ६६ ऐवजी १०० केली की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर पळायचा, म्हणजे सरळ दीडपट. ते दिवस गेले. आता कंपन्या कारखान्यातच प्रोसेसर टोकापर्यंत ताणून देतात. १४९००के तर खोक्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. हाताने वाढवून मिळतात ते बहुधा चार-पाच टक्के, आणि गेममध्ये ग्राफिक्स कार्ड अडवत असेल तर तेही दिसत नाहीत.

इथल्या उकाड्यात जास्त कामाला येतं ते उलटं काम. रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज थोडं उतरवायचं. प्रोसेसर थंड राहतो आणि थंड राहिला म्हणून स्वतःहून जास्त वेळ वरच्या बूस्टवर टिकतो. खुल्या चिपसेटचे पैसे मला याच सोयीसाठी द्यावेसे वाटतात. फर्मागुडीत इंजिनिअरिंग करणारा, गेम खेळणारा आणि अधूनमधून व्हिडिओ एडिट करणारा मुलगा विचारायला आला तर मी सांगेन: चांगल्या व्हीआरएमचा मधला बी६५० किंवा बी८५०, त्यावर रायझन ५ किंवा ७, ६००० च्या दोन पट्ट्या, दुहेरी टॉवरचा हवेचा कूलर. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात. झेड७९० किंवा झेड८९० तेव्हाच, जेव्हा मल्टिप्लायरशी खेळणं हाच छंद असेल. छंदाला हिशेब लावू नये, तो वेगळा मामला.

सुरुवात कशी करू?

बायोस अपडेट करा, एक्सएमपी किंवा एक्स्पो लावा, आणि दोन दिवस तसंच वापरा. मग एकावेळी एकच गोष्ट बदला. मल्टिप्लायर एकेक पायरीने, व्होल्टेज शेवटी. दर पायरीला एचडब्ल्यूइन्फो उघडून तापमान बघत सिनेबेंच चालवा, मग ओसीसीटीसारखी कडक चाचणी तासभर. ही चाचणी दुपारी, पंख्यावर, एसी बंद ठेवून घ्या. एसीत पास झालेली सेटिंग एसी बंद असताना नापास होऊ शकते. मित्राच्या त्याच मॉडेलच्या प्रोसेसरचे आकडे उतरवून घेऊ नका, प्रत्येक चिपची कुवत थोडी वेगळी असते.

सेटिंग बदलली आणि आता स्क्रीनच येत नाही. गेला का बोर्ड?

बहुधा नाही. बहुतेक बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून स्वतःच जुन्या सेटिंगवर येतात, तेवढी वाट बघा. नाहीच आला तर मागचं क्लिअर सीमॉसचं बटण दाबा. बटण नसेल तर पीसी बंद करा, वायर काढा, आणि बोर्डावरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडा. कुठल्या ते बोर्डाच्या पुस्तिकेत असतं. तेही जमलं नाही तर वायर काढलेली असतानाच नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर काढून ठेवा. परत चालू केल्यावर एक्स्पो किंवा एक्सएमपी पुन्हा लावायला विसरू नका, तीही पुसली गेलेली असते.